उभी तिखाडी

आमच्या सासरी दसऱ्यापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत फोडणीत हिंग पडत नसे. देवापुढे उदबत्ती लागत नसे, धूप जळत नसे, कुणी डोक्याला वासाचं तेल लावत नसे. नवीन माणसाला वाटायचं, घरात काहीतरी कडक व्रत चालू आहे. लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला होता. पण देवाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. संबंध होता तो आमच्या सासूबाईंच्या नाकाशी.

हे आठवायचं कारण परवाचं. ऑक्टोबर सुरू झाला की बुलढाण्याच्या पठारावर सकाळी कोरडी, हलकी हवा सुटते. मी इथे मंदाकडे राहते. मंदा माझी थोरली मुलगी. आता तीही नोकरीतून निवृत्त झाली आहे आणि रोज सकाळी राजूर घाटाच्या बाजूला फिरायला जाते. परवा परत आली, खिडकी उघडली आणि म्हणाली, "आई, घाटात गवत फुललंय. माझ्या पदरालासुद्धा वास लागलाय बघ." मी पदर नाकाशी धरून मान डोलावली. वास काही आला नाही. मागे एका तापात माझं वास घेणं गेलं ते गेलंच. मी ते फारसं मनावर घेतलेलं नाही. दूध करपलं तर कळत नाही, एवढीच अडचण. बाकी जगात चांगल्या वासांपेक्षा घाणेरडे वासच जास्त, तेव्हा एकंदरीत फायद्यातच आहे मी. फक्त हा ऋतू आला की चुकल्यासारखं होतं, कारण हा ऋतू मला नाकानेच ठाऊक होता.

तिखाडी हे रानगवत. काही ठिकाणी त्याला रोशा म्हणतात. सातपुड्याच्या उतारांवर ते डोक्याच्या वर वाढतं, आणि फुलोऱ्यावर आलं की त्याच्या पात्यात आणि तुऱ्यात तेल उतरतं. त्याच्या दोन जाती. एक मोतिया, दुसरी सोफिया. ही नावं व्यापाऱ्यांनी दिलेली असावीत. डोंगरातल्या माणसांना दोन्ही तिखाडीच. मोतियाचं तेल अत्तरवाले नेतात. त्याला गुलाबाचा वास असतो आणि त्या गुलाबाच्या मागे कुठेतरी लिंबाची साल. सोफियाचं तेल साबणात जातं, दुखऱ्या गुडघ्यांवर जातं. त्याचा वास आलं आणि शेपू एकत्र चुरगाळल्यासारखा, जरा अंगावर येणारा. तेल बाटलीत आलं की या दोघी एकमेकींपासून इतक्या लांब. आणि रानात? रानात त्या जुळ्या बहिणी. उंची तीच, रंग तोच, तुराही तसाच. कापणाऱ्या बायका दिवसभर विळा चालवायच्या तेव्हा भाऱ्यात कोण आलं नि कोण गेलं, हे बघत बसायला कुणाला सवड होती?

आमचे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणत असे, जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला डोंगरात तिखाडीची भट्टी चालवत. नाल्याच्या काठी दगडांच्या चुलाणावर मोठी देग बसवलेली. तिच्यात पाणी नि गवत कोंबायचं, झाकण कणकेने लिंपून घ्यायचं आणि खाली जाळ करायचा. वाफ बांबूच्या नळीतून नाल्यातल्या थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात उतरे. तिथे पाण्यावर तेल तरंगे, ते पळीने काढून घ्यायचं. निघालेलं गवत वाळवून पुन्हा त्याच चुलाणात जाळायचं. असा तो सगळा कारभार गवताचा, गवताने, गवतावर चाललेला. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण मामाजींच्या तोंडून अजून जुन्या राज्याचं नाव, सीपी-बेरार, निघायचं.

भट्टीवर एक अडचण होती, आणि ती जगातल्या सगळ्या तिखाडीवाल्यांना असणार. जो माणूस त्या वाफेत उभा राहतो त्याचं नाक त्या वासाला सरावतं. एकदा सरावलं की हंगाम संपेपर्यंत त्याला मोतिया आणि सोफिया सारखेच. मामाजींना फरक ओळखता येत नसे, आमच्या ह्यांना येत नसे, भट्टीवरच्या एकाही गड्याला येत नसे. म्हणून तेल जोखायला असं नाक लागे जे भट्टीच्या वाऱ्यालाही उभं राहिलेलं नाही. ते नाक घरात सांभाळून ठेवावं लागे. आमच्याकडे ते आत्याबाईंकडे होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई; आमच्याकडे सुना सासूला तसंच म्हणतात.

रोज संध्याकाळी डोंगरातून डब्यांबरोबर छोट्या शिशा यायच्या. भट्टीवरचे कपडे नाल्यावरच बदलायचे आणि घरी दुसरे घालून यायचं, हा नियम. गवताची काडी घरात आणायची नाही, हाही. शिशा रात्रभर तोंड उघडं ठेवून परसात ठेवायच्या, म्हणजे जळका वास उडून जातो. सकाळी तोंड धुऊन, चहाच्या आधी, अनशापोटी आत्याबाई पाटावर बसत. मनगटाच्या मागच्या बाजूला एक थेंब. थोडं थांबायचं. मग नाक नेण्याऐवजी मनगटच हळूहळू नाकाकडे आणायचं. दोन थेंबांच्या मध्ये घोंगडीचा वास घ्यायचा, म्हणजे नाक कोरं होतं. उत्तर तोंडाने सांगायचं नाही. मोतिया असेल तर वाटीखाली ज्वारीचा दाणा, सोफिया असेल तर तुरीचा. कुणी जवळ असलं तर त्याच्या मनावर आपल्या बोलण्याची सावली पडू नये, म्हणून. वाटी उचलली की निकाल. त्या दाण्याप्रमाणे डब्याला वेगळा दोरा बांधला जाई, आणि नांदुऱ्याचे तेलाचे व्यापारी रहमतभाई त्या दोऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत. म्हणजे तसं ते म्हणत. प्रत्यक्षात स्वतः हुंगल्याशिवाय डबा उचलत नसत, आणि मग आतल्या दाराकडे पाहून मान लववत.

मी नांदुऱ्याची. स्टेशनच्या गावची मुलगी म्हणून माझ्या पेटीत चंदनाचा साबण होता, पावडरचा डबा होता, आणि एक अत्तराची कुपीही होती. आत्याबाईंनी मी आल्या आल्याच त्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला अडकवली. दिवाळीत गावभर उटण्याचा घमघमाट आणि आम्ही सासू-सुना साध्या तिळाच्या तेलाने, बेसनाने न्हालेल्या. शेजारणी हसायच्या. "तिखाडीवाल्याईची दिवाळी, वास ना बास," असं त्या म्हणायच्या. एवढ्या मोठ्या सुगंधाच्या धंद्यात पडलेलं घर, आणि गावात सगळ्यात बिनवासाचं घर आमचंच. मला याची तेव्हा चीड यायची, आता गंमत वाटते.

भाद्रपदातच त्यांनी मला शिकवायला घेतलं होतं. मागच्या साली राखून ठेवलेल्या दोन शिशा होत्या.

"आत्याबाई, मले तर दोन्ही सारखेच वाटून राह्यले," मी म्हटलं. सासरी येऊन महिनाभरात माझी बोली नांदुऱ्याच्या शाळेपासून पुष्कळ लांब आली होती.

"सारखेच हायेत. म्हनूनच हुंगा लागते," त्या म्हणाल्या. "नाक पुढं नको करू. त्याले येऊ दे तुह्याकडं. पाव्हन्याच्या अंगावर धावून जाते का कोनी?"

हळूहळू यायला लागलं. सोफिया आधी पकडता आली. ती लपत नाही. दारातूनच हाक मारते. मोतिया सावकाश येते, आणि पहिल्यांदा आली तेव्हा मला हसू फुटलं, इतकी ती ओळखीची होती. माझ्या कुलूपबंद कुपीतलाच वास. त्याच आनंदात मी विचारलं, "उभं गवत कसं दिसते हो, आत्याबाई? दोन्ही शेजारी असले का समजते का?"

त्या घोंगडी झटकत होत्या. झटकायच्या थांबल्या. "मी नाई पाह्यलं," म्हणाल्या.

मला वाटलं, थट्टा करताहेत. ज्या बाईने आयुष्यभर तिखाडी निवडली तिने तिखाडी पाहिली नाही? पण ते खरंच होतं. "पावसायात नाला जाऊ देत नाई," त्या म्हणाल्या. "हंगामात हे नाक जाऊ देत नाई. अन् हंगाम सरला का तिथं नुस्ते खुटं. एकदा गेलती मी होळीच्या मोसमात. काय पाहू? खुटंच पाह्यले." मग शिशीला बूच लावत म्हणाल्या, "म्हनून तर तुले शिकवून राह्यली. तुह्यं नाक पक्कं झालं का मी एक दिवस जाऊन पाहून येतो."

मला तेव्हा यात विशेष काही वाटलं नव्हतं. मी वीस वर्षांची होते आणि गवत पाहण्यासाठी एखादं माणूस वर्षानुवर्षं थांबतं, हे मला जरा वेडगळच वाटलं. मामाजींनाही तसंच वाटे. "गवतात पाह्यन्यासारखं काय हाये?" ते म्हणत. "गोठ्यात बैलासमोर पडलं हाये, पाहून घे." पण त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. ते ‘पुढच्या साली जा’ म्हणत. आणि त्या साली पुढचं साल उरलं नव्हतं. जंगल खात्याने त्या सबंध उतारावर साग लावायचं ठरवलं होतं. हंगाम संपला की गवताचा ठेकाही संपणार, भट्टी उठणार, गवत नांगरलं जाणार. मामाजींनी हे जेवताना सांगितलं, भाकरी मोडत, पाऊस उघडल्याचं सांगावं तसं. आत्याबाईंनी ऐकलं आणि सगळ्यांना पुन्हा वाढलं. दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी दुप्पट झाली.

या दोन गवतांबद्दल तेव्हा घरात एक जुना वाद होता. मामाजींचं मत, गवत एकच आहे. कोवळं असताना मोतिया, पिकलं की सोफिया. आमच्या ह्यांचं मत, गवत एकच, पण उन्हात उभं राहिलं तर मोतिया होतं आणि सावलीत दाटीवाटीत वाढलं तर सोफिया. दोघेही डोंगरात वावरलेले, आणि दोघांचं नाक बंद. आत्याबाई म्हणायच्या, "एक नाई, दोन हायेत. एकाच मायच्या पोटच्या असतीन, पन दोन हायेत." त्यांनी रान पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांचं कुणी धरत नसे. पुढे शिकल्यासवरल्या लोकांकडून मी ऐकलं की ती एकाच गवताची दोन वाणं आहेत, शेजारी लावली तरी आपापला वास सोडत नाहीत. म्हणजे आत्याबाई बरोबर होत्या. पण पेठेत मोतिया थोर आणि सोफिया हलकी, हे जे ठरलं आहे, त्यात गवताचा काही हात नाही. सोफियाला कुणी विचारलं नव्हतं की तुला गुलाब व्हायचंय का. हंगाम संपला की आत्याबाई स्वतःच्या गुडघ्यांना सोफियाच लावत आणि रात्री छान झोपत.

दिवाळीनंतर आमच्या दोघींच्या वाट्या जुळायला लागल्या. त्या आपला दाणा आधी ठेवायच्या, वाटी पालथी घालायच्या, मग मी माझा. वाट्या उचलल्या की दोन्हीकडे ज्वारी, नाहीतर दोन्हीकडे तूर. एकदोनदा माझी तूर आणि त्यांची ज्वारी आली तेव्हा त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझ्याच नाकाचा राग आला. मग तेही थांबलं. मामाजींनी बघितलं आणि म्हणाले, "जमलं सुनेले. शेवटचा उतार राह्यला हाये फक्त, तो कापायच्या आंधी जाऊन ये." आत्याबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं. एवढं मोठं लग्न मोडून पुन्हा जुळल्यासारखी त्यांची गडबड चालली होती आणि त्या ती लपवायचा प्रयत्न करत होत्या, ते मला दिसत होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मला सकाळी मळमळायला लागलं.

दोन दिवस मी दुर्लक्ष केलं. मग चुलीचा धूर नकोसा झाला, गोठ्याचा वास सोसेना, ज्वारीच्या पिठाचा वास, जो मला आजवर कधी आलाच नव्हता, तो यायला लागला. माझी मला शंका आली आणि शंकेची खात्री व्हायला वेळ लागला नाही. एरवी सुनेने ही गोष्ट सासूच्या कानात सांगायची असते आणि सासूने तोंड गोड करायचं असतं. पण शिकवताना आत्याबाई मला सांगून चुकल्या होत्या, "पोटुशी बाईचं नाक तिचं नसते. भरवसा नाई धरा लागत त्याचा." त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणांच्या वेळी त्यांची सासू पाटावर बसत असे. म्हणजे मी तोंड उघडलं असतं तर हिरवं लुगडं पुन्हा पेटीत गेलं असतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे सागाची रोपं उभी राहिली असती. मी काही फार मोठ्या मनाची वगैरे नव्हते. मला फक्त ते उन्हात पडलेलं लुगडं बघवत नव्हतं. मी गप्प राहिले.

ठरलेल्या दिवशी सकाळी आमचे हे आत्याबाईंना गाडीतून घेऊन गेले. जाताना आत्याबाईंनी दोन शिशा स्वतः न हुंगता माझ्यासमोर ठेवल्या, आजचं काम माझ्या एकटीचं म्हणून. आदल्या दिवशीच्या दोन देगांचं तेल होतं. एक देग उघड्या उतारावरच्या गवताची आणि एक खालच्या झाडीतल्या, पण डबे वाटेत सरमिसळ झाले असावेत, कुणाची कोणती ते कुणालाच सांगता येईना. दुपारी रहमतभाई डबे उचलायला येणार होते. मोतियाच्या दोऱ्याखाली सोफिया गेली असती तर घराचा इतक्या वर्षांचा शब्द शेवटच्या हंगामात बुडाला असता. आणि आत्याबाई तर आता भट्टीवर पोचलेल्या. संध्याकाळी परत येतील तेव्हा त्यांचंही नाक कामाचं नसणार. गावात दुसरं नाक नव्हतं.

मी पाटावर बसले. पहिला थेंब मनगटावर घेतला, थांबले. मनगट जवळ आणलं. काय सांगू, गुलाब नाही, लिंबू नाही, नुसतं एक बरं वाटलं. सकाळपासून पोटात जे ढवळत होतं ते शांत झालं. घोंगडी हुंगायची तर हिंमतच होईना. ती मी लांब सारली. दुसरा थेंब. मनगट अर्ध्यात असतानाच मी उठले आणि मोरीकडे धावले.

परत आले, तोंड पुसलं, पुन्हा पाटावर बसले. मोतिया ओळखायची ती शिकवलेली रीत मला त्या दिवशी लागूच पडत नव्हती. पण माझ्या पोटाने निकाल दिला होता, आणि तो इतका स्पष्ट होता की शंका घ्यायला जागा नव्हती. तरी पुन्हा करून पाहिलं. पहिल्या शिशीला पोट गप्प. दुसरीला पुन्हा मोरी. मी पहिल्या वाटीखाली ज्वारी ठेवली, दुसऱ्या वाटीखाली तूर, दोरे बांधले आणि देवापुढे हात जोडले.

रहमतभाई आले. वडीलधारे गृहस्थ, माझ्या वडिलांना ओळखत, म्हणून मला बेटी म्हणत. ओसरीवर बसून त्यांनी आधी मोतियाचा डबा उघडला, हातावर घेतलं, डोळे मिटले, मान हलवली. मग दुसरा उघडला. मी आतल्या दाराच्या मागे उभी होते. तो वास ओसरीतून आत आला आणि मी पदर तोंडाला लावून तिसऱ्यांदा पळाले. घर काही एवढं मोठं नव्हतं, मोरीतला आवाज ओसरीवर गेलाच. परत दाराशी आले तेव्हा रहमतभाई डब्याचं झाकण घट्ट लावून आढ्याकडे बघत बसले होते.

"दोनों बराबर है, बेटी," ते म्हणाले. "डोरा एकदम सही है." मग जरा खाकरून, आढ्यावरची नजर न काढता म्हणाले, "सासूबाईले मुबारक बोलना."

आत्याबाई दिवे लागायच्या वेळी आल्या. हिरव्या लुगड्याला कुसळं चिकटली होती, पाय धुळीने भरले होते, आणि हातात दोन काड्या होत्या, तुऱ्यापासून मुळापर्यंतच्या. घरात काडी आणायची नाही हा त्यांचाच नियम. त्या सरळ माझ्यापाशी आल्या.

"वास कसा होता तिथं?" मी विचारलं.

"काईच नाई आला," त्या म्हणाल्या. "म्हंजे पयल्यानं आला. मंग गेला. मंग नाकाले काई कामच नोतं. मी नुस्ती पाहत बसली." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. मोतिया वर, उघड्या उतारावर, एकेक ठोंब वेगवेगळा, मधून चालता येईल एवढी जागा सोडून. सोफिया खाली, पाण्याच्या अंगाला, झाडांच्या सावलीत, अशी दाट की विळा शिरत नाही. वारा आला की मोतियाचा एकेक ठोंब आपापला हलतो, आणि सोफिया सगळी मिळून हलते. तुरे वरून तांबूस, खालून निळसर. मग त्यांनी काड्या दिव्याजवळ धरल्या. "अन् हे पाह्य. मोतियाचं पान दांड्यापासून असं आडवं निघते." त्यांनी आपला हात खांद्यापासून सरळ बाजूला पसरला. "अन् सोफियाचं असं." हात वर करून त्यांनी कानाशी धरला. "दाटीत हात पसरायले जागा कुठं हाये तिले? चांगलं शोधून काढलं म्या, बसून बसून. कोनी सांगतलं नाई."

आमचे हे, मामाजी, सगळे बघत होते. घरात इतकं बोलताना आत्याबाईंना कुणी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी शिशांचं विचारलं. मी सांगितलं, दोरे बरोबर निघाले. "अन् रहमतभाई काय म्हनले?" मी दिव्याची वात सारखी करू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मोरीशेजारी वाळत घातलेल्या माझ्या दुसऱ्या लुगड्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

"कधीपासून?"

"आठ-दहा दिस झाले असतीन."

"मले म्हाईत झालं असतं तर मी गेली नसती."

"म्हनूनच नाई सांगतलं."

रागावल्या असाव्यात असं मला वाटलं, आणि त्या रागावल्याही असतील थोड्या. मग त्यांनी तो गवताचा वास लागलेला हात माझ्या डोक्यावरून फिरवला. मळमळ होईल म्हणून मी श्वास धरला, पण झाली नाही. हात मोतियाचा होता की काय कोण जाणे. "पाहून घेतलं म्या," त्या म्हणाल्या. "आता हे नाक गेलं तरी चालते." मला रडू आलं. पोटुशेपणात रडू येतंच, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी ते मानलं. खरं तर मला त्यांच्यासाठी इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

भट्टी उठली. देग पुढे गावात लग्नकार्याला पाणी तापवायला फिरत राहिली. पुढच्या दसऱ्याला घरात हिंगाची फोडणी पडली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "जास्त झाला," आणि दोन घास कमी जेवल्या. त्यांच्या कमरेची किल्ली त्यांनी मला देऊन टाकली. पेटीतला साबण उंदरांनी कुरतडला होता. त्या दोन काड्या देवघराच्या फळीवर बरीच वर्षं होत्या. वाळून, एकमेकींत मिसळून. पुढे आत्याबाई त्या हातात घेत आणि कोणती कोणती ते त्यांना स्वतःलाही सांगता येत नसे, पाती केव्हाच गळून गेली होती. त्यावर त्या खुशाल हसत. डोंगरात परत त्या कधी गेल्या नाहीत. सागाला काय पाहायचं, म्हणाल्या.

आत्याबाई गेल्या त्यालाही फार वर्षं झाली. मी या साऱ्याकडे आता बऱ्यापैकी लांबून पाहू शकते. माणूस ज्या गोष्टीत मुरलेला असतो तीच त्याला पुरती भेटलेली नसते, हे मी इतरांच्या बाबतीतही पाहिलं आहे आणि त्याचं फार दुःख करू नये असं माझं मत आहे. मंदाला ही गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. तिच्या नाकाला पोटात असतानाच सोफिया नको झाली होती, हे कळून तिला काय मिळणार होतं?

पण परवा तिने पदर पुढे केला आणि मला काहीच आलं नाही, तेव्हा मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी येताना त्या गवताच्या दोन-चार काड्या घेऊन ये. आज सकाळी ती घेऊन आली. वेगवेगळ्या जागच्या, मुळासकट. मी चष्मा लावला आणि खिडकीच्या उजेडात एकेक काडी धरली. दांड्यावरून बोट वर नेत गेले. एकीचं पान बोटाला आडवं लागलं, हात पसरल्यासारखं. ती मी बाजूला ठेवली. दुसरीचं पान दांड्याला चिकटूनच वर गेलं.

"ही हुंग," मी पहिली मंदाकडे दिली. "गुलाब येतो का?"

तिने नाकाशी धरली. "हो गं. आणि लिंबासारखं काहीतरी."

"आता ही."

तिने दुसरी हुंगली आणि लगेच तोंड फिरवलं. "शी, ही कसली? शेपूसारखी. नको मला." मग माझ्याकडे पाहत राहिली. "आई, तुला तर वास येत नाही. तू ओळखलंस कसं?"

"तुझ्या आजीने पाहून ठेवलं होतं," मी म्हटलं.